करायचं ते खेळायला, मांडून ठेवायला नव्हे

पत्र

‘आम्ही टोकियोत निशि-कासाईला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची, योचिएनमध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, मधल्या वर्गात, म्हणजे नेन्चूमध्ये आहे. धाकटा दोन वर्षांचा. डिसेंबरच्या शेवटी शाळेला सुट्टी लागेल आणि त्याच सुमारास सासू-सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी येताहेत. जानेवारीत शाळा उघडली की नव्या वर्षाच्या पारंपरिक खेळांचा एक दिवस असतो. त्यात पालकांनी एकेक खेळ सांभाळायचा आहे. बाकीच्या आया इतक्या सुबक वस्तू करून आणतात की मला धडकीच भरते. माझा हात पहिल्यापासून कच्चा. परवा मुलीबरोबर कागदाचा ससा करायला बसले, तर अर्ध्यातच ती म्हणाली, “आई, तुला नाही येत. सेन्सेईंना येतं.” सेन्सेई म्हणजे तिच्या शिक्षिका. त्यात ही थंडी, एवढंसं घर, दोन मुलं आणि भाषा न येणारी दोन वडीलधारी माणसं. दिवस कसे काढू? सुरुवात कुठून करू?’
— श्रुती (नाव बदललं आहे)

उत्तर

प्रिय श्रुती,

सशापासूनच सुरुवात करू, कारण तोच तुम्हाला सगळ्यांत जास्त लागलेला दिसतो. तो ससा पुरा झाला असता तर त्याचं पुढे काय करणार होतात? कपाटावर ठेवून बघणार. वस्तू नुसती बघण्यापुरती असली की साडेचार वर्षांचं मूलसुद्धा परीक्षक होतं. कान सारखे आहेत का, सेन्सेईंच्या सशासारखा दिसतो का, हेच बघत बसतं. त्याऐवजी पुठ्ठ्याचा भोवरा केला असता, तर कड वेडीवाकडी कापली गेली म्हणून तिने अवाक्षर काढलं नसतं. फिरतोय ना? मग झालं.

म्हणून या हिवाळ्यासाठी एवढंच ठरवा: जे काही कराल ते करून झाल्यावर दहा मिनिटांत खेळायला घेता आलं पाहिजे. खेळताना मोडलं तर बरंच, उद्याचा उद्योग मिळाला. जपानी हिवाळ्यातले जुने खेळ याला फार सोयीचे आहेत. त्यातलं जवळपास सगळं फेकायचं, फिरवायचं, उडवायचं किंवा झेलायचं असतं. आणि त्यांतले निम्मे तुमच्या सासूबाईंच्या हाताला आधीच येतात. ते कसं, ते पुढे सांगते.

आधी शाळेचं बघू, कारण त्याला तारीख आहे. अजून वाटप झालं नसेल तर सेन्सेईंना आजच निरोप द्या आणि फुकुवाराई मागून घ्या. कारुता घेऊ नका. तो पत्त्यांचा खेळ दिसायला सोपा आहे, पण त्यात एकाने ओळ मोठ्याने, ठेक्यात वाचायची असते आणि बाकीच्यांनी त्या ओळीचं चित्र सगळ्यांआधी हाताने दाबायचं असतं. दोन हात एकदमच पडतात, कुणी चुकीच्या पत्त्यावर हात मारतो, आणि मग भांडणं सोडवायला जपानी अस्खलित लागतं. ते ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यावर सोपवा.

फुकुवाराईला मात्र चार शब्द पुरतात: वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. ‘उए’, ‘शिता’, ‘मिगी’, ‘हिदारी’. एक मोठा गोल चेहरा असतो, गुबगुबीत गालांच्या ओताफुकुचा, पण त्यावर डोळे-नाक-तोंड काहीच नसतं. मुलाने डोळे मिटून भुवया, डोळे, नाक, ओठ जागेवर ठेवायचे, बाकीच्यांनी ओरडून दिशा सांगायच्या. डोळे उघडले की नाक कपाळावर आणि ओठ कानाशी. नव्या वर्षात हा खेळ का, तर हसत्या घरात सुदैव येतं अशी तिथली समजूत आहे.

हात कच्चा असणं इथे गुणच ठरतं. चेहरा जितका ओबडधोबड, तितकं हसू जास्त. शंभर येनच्या दुकानातून फेल्टचे तीन-चार तुकडे आणा. एका मोठ्या तुकड्यावर पातेल्याचं झाकण ठेवून गोल कापा. डोळे, भुवया वगैरे दुसऱ्या रंगांत कापा. फेल्टवर फेल्ट आपोआप धरून राहतं, डिंक नको, चुंबक नको. भाग चांगले तळहाताएवढे मोठे ठेवा, म्हणजे गर्दीत हरवत नाहीत. डोळ्यांना पट्टी मात्र बांधू नका. तीन-चार वर्षांची पुष्कळ मुलं पट्टीला घाबरतात, आणि वीस मुलांच्या डोळ्यांवरून एकच रुमाल फिरवणं सर्दीच्या दिवसांत बरंही नाही. एका हाताने चेहऱ्यासमोर कागदी पंखा धरायला द्या. फटीतून बघतील? बघू द्या.

घरासाठी याचीच एक मजेदार तऱ्हा आहे. सासऱ्यांचा फोटो मोठा छापून घ्या आणि त्यातले डोळे, नाक, मिशा वेगळ्या कापा. आधी त्यांना विचारा म्हणजे झालं. मिशीवाले आजोबा असतील तर सुट्टीतले दोन दिवस सहज निघतील.

आता सासूबाई. लहानपणी सागरगोटे खेळल्या असतील ना? सांगलीकडच्या त्या वयाच्या बाईला सहसा विचारावं लागत नाही. जपानमध्ये ओतेदामा नावाचा खेळ आहे. मुठीत मावतील अशा कापडी पिशव्या, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे दाणे. त्या दोन-तीन एकदम हवेत खेळवतात हे सगळ्यांना दिसतं. पण त्याचा दुसरा प्रकार म्हणजे एक पिशवी वर उडवायची, ती खाली येईपर्यंत जमिनीवरच्या बाकीच्या गोळा करायच्या, आधी एकेक, मग दोन-दोन. हे वाचून तुमच्या सासूबाई म्हणतील, अगं, हे तर आपलंच. फार जुन्या काळी जपानमध्येही हा खेळ खड्यांनीच खेळत.

इथे एक सावधगिरी. कौतुकाने त्या खरे सागरगोटे पिशवीत टाकून आणायला निघतील, तर आधीच फोन करून थांबवा. सागरगोटे म्हणजे बिया, आणि जपानमध्ये बिया आणायच्या तर सोबत मायदेशाचं तपासणी प्रमाणपत्र लागतं. चार-पाच बियांसाठी नरिता विमानतळावर उभं राहायची हौस नको. त्याऐवजी खणाचे उरलेले तुकडे मागवा. वजन नाही, नियम आडवे येत नाहीत, आणि ओतेदामाला तसलंच बारीक नक्षीचं, घट्ट विणीचं कापड लागतं.

शिवायला सगळ्यांत सोपा आकार म्हणजे तांदळाच्या पोत्यासारखा, तावारा. वीतभर लांब आणि त्याच्या निम्म्याहून थोडा रुंद तुकडा घ्या. उलट्या बाजूने दुमडून दोन आखूड कडा जोडा, नळी होईल. एका तोंडाला धावदोरा घालून चुण्या ओढून घट्ट बांधा, सुलट करा, दाणे भरा, दुसरं तोंडही तसंच बंद करा. मोठ्यांच्या पिशवीत साधारण ४० ग्रॅम दाणे भरतात. मुलीसाठी २५-३० पुरेत. गच्च भरू नका, पिशवी हातात सैल बसली पाहिजे, नाहीतर चेंडूसारखी निसटते. दाणे भरण्याआधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कोरडे करून घ्या, म्हणजे उन्हाळ्यात पोरकिडे निघणार नाहीत. हे मी सांगतेय खरी, पण डाळीतले किडे हा सासूबाईंचा प्रांत, त्यांचं ऐका. अझुकी तिथल्या कुठल्याही दुकानात मिळते. दिसायला लाल चवळीची धाकटी बहीण.

धाकट्यासाठी मात्र शिवण दुहेरी घाला आणि रोज एकदा ओढून बघा. लहान वस्तूंचा अंदाज घ्यायला तिथे एक सोपी युक्ती सांगतात. तीन वर्षांच्या मुलाचं तोंड साधारण ३९ मिलिमीटर उघडतं, म्हणजे टॉयलेट पेपरच्या आतल्या नळकांड्याएवढं. त्या नळकांड्यातून जे आत जाईल ते तुमच्या धाकट्याच्या तोंडातही जाईल. सुटे दाणे, गोट्या, बटणं, सगळी त्याच रांगेत. मोठी खेळत असताना तो झोपलेला असला तर सगळ्यांत उत्तम, पण तसं होत नाही हे मलाही ठाऊक आहे.

साडेचार वर्षांच्या मुलीला लगेच ‘उडवून गोळा कर’ जमणार नाही, आग्रहही धरू नका. एक पिशवी उडवायची आणि दोन्ही हातांनी झेलायची. ते आलं की मध्ये एक टाळी. मग डोक्यावर ठेवून स्वयंपाकघरापर्यंत चालायचं. कपड्यांच्या टोपलीत नेम मारायचा. दोन वर्षांच्यालाही टोपलीत टाकणं जमतं आणि तो ते कंटाळा येईपर्यंत, म्हणजे तुम्हाला कंटाळा येईपर्यंत, करेल. सासूबाई एका बाजूला आपल्या पद्धतीने खेळत बसल्या की मुलगी हळूच त्यांच्याकडे सरकेल. शिकवायला बसू नका असं त्यांनाही सांगा.

सासऱ्यांना भोवरा द्या, पण घरात नाही. तिथला दोरीचा लाकडी कोमा आपल्या भोवऱ्यासारखाच जाळी गुंडाळून फेकायचा असतो. तुमच्या इमारतीत लाकडी फरशी आणि खाली शेजारी. पहिल्याच फेकीला दारावरची घंटा वाजेल. तो बागेत न्या. पुष्कळ शाळांत मोठ्या वर्गातली मुलं दोरी गुंडाळायला शिकतात, तेव्हा बागेत कुणीतरी पोरगं तो फिरवत असणारच. आजोबांनी भोवरा तळहातावर घेऊन दाखवला तर भाषेची अडचण त्याच क्षणी संपते.

घरात बोटांनी फिरवायचा भोवरा. जाड पुठ्ठ्याची सहा-सात सेंटिमीटरची चकती कापा. मध्यबिंदू शोधायला तेवढीच कागदी चकती दोनदा घडी घालून उलगडा, रेषा जिथे छेदतात तो मध्य. त्यातून टूथपिक घाला, खाली सेंटिमीटरभरच ठेवा. चकती वर सरकली की भोवरा डुगडुगतो आणि लवकर पडतो. मुलीला दोन्ही प्रकार करून फिरवू द्या, कारण समजावून सांगू नका, ती स्वतःच खाली सरकवेल. तिला रंगीत खडूंनी एकात एक वर्तुळं काढायला सांगा. फिरताना रंग मिसळून भलतेच दिसतात. वरचं टोक कापून त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. आणि हा भोवरा धाकट्याच्या हाताबाहेर.

केन्दामा, म्हणजे दोरीला बांधलेला चेंडू पेल्यात झेलायचं लाकडी खेळणं, शंभर येनच्या दुकानात मिळतो, पण साडेचार वर्षांच्या हाताला खरा केन्दामा जड असतो आणि लाकडी चेंडू दातांवर येतो. दोन कागदी पेले बुडाला बूड लावून चिकटवा, मध्ये दोरा अडकवा, दोऱ्याच्या टोकाला अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा. झालं. झेलायची खरी युक्ती हातात नाही, गुडघ्यांत आहे: गोळा झेलताना किंचित वाकायचं. मोठी माणसं हेच विसरतात आणि मनगट हापटत बसतात. हा खेळ फार प्राचीन वाटतो, पण आजचा आकार शंभर वर्षांचाच आहे. हिरोशिमाजवळच्या कुरे गावातल्या एका माणसाने १९१९ मध्ये त्याची नोंदणी केली, आणि शेजारच्या हात्सुकाइचीत, लाकूडकामासाठी नावाजलेल्या गावात, तो तयार होऊ लागला.

हानेत्सुकी या फळीने फूल टोलवायच्या खेळाबद्दल थोडं रेंगाळते, कारण त्यात रिठा आहे. लाकडी फळीला हागोइता म्हणतात. त्यावर टोलवायच्या पिसांच्या फुलाला, हानेला, खाली जो काळा टणक मणी असतो तो रिठ्याच्या झाडाची बी. शिकेकाईबरोबर आपण ज्याचा फेस काढतो त्याच रिठ्याचा जपानी भाऊ. पिसं लावलेली ती बी हवेत चतुरासारखी दिसते, आणि चतुर डास खातो, म्हणून हा खेळ खेळलेल्या मुलीला पुढच्या उन्हाळ्यात डास चावत नाहीत, आजार शिवत नाहीत, अशी जुनी समजूत. हरणाऱ्याच्या तोंडाला शाई फासायचीही पद्धत होती. तुमच्या घरात ती शाई कुणाच्या तोंडाला लागेल आणि कुणाच्या भिंतीला, याचा विचार करून ठरवा. मी काजळाचा ठिपका सुचवीन.

दर डिसेंबरात १७ ते १९ तारखेला आसाकुसाच्या सेन्सोजी देवळात हागोइतांचा बाजार भरतो. कापसाने फुगवलेल्या कापडी चित्रांच्या, काबुकी नटांच्या, भल्यामोठ्या हागोइता तिथे असतात. त्या शोभेच्या आणि महाग. हिंडून या, घेऊ नका. सासू-सासरे तोपर्यंत आले असतील तर त्यांनाही न्या. खेळायला घरी दुहेरी पुठ्ठ्याची फळी आणि फुलाऐवजी फुगा. फुगा सावकाश खाली येतो, म्हणून लहान मुलांना टोलवता येतो. मात्र फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, धाकटा ते तोंडात घालेल.

जे काही शाळेत नेणार असाल त्याबाबत एक गोष्ट. घरी भोवरे, फळ्या, मुखवटे करायला दुधाची रिकामी खोकी फार छान. पण वर्गात कुणाला दुधाची अॅलर्जी असली तर काही शाळा ती खोकी चालवत नाहीत, तसंच गव्हाच्या पिठाची माती आणि सोयाबीनही. आधी विचारून घ्या. सेन्सेईंना तुमचा प्रश्न आवडेलच.

पतंगाचा मोसम तुमच्या पथ्यावर पडणारा आहे. तिथे पतंग नव्या वर्षात उडवतात, आपल्याकडे संक्रांतीला, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांचं अंतर. शिवाय टोकियोचा हिवाळा कोरडा आणि लख्ख उन्हाचा असतो. सैबेरियाकडचं वारं जपानी समुद्रावरची वाफ घेऊन येतं, ती पलीकडच्या निइगाता-आकिताच्या बाजूला बर्फ होऊन पडते आणि डोंगर ओलांडून कोरडी हवा तुमच्याकडे येते. तेव्हा थंडी आहे म्हणून घरात बसू नका. दुपारी बारा ते दोन ही तुमची वेळ.

धाकट्याला दुकानातल्या हलक्या प्लास्टिक पिशवीचे दोन्ही बंद एकत्र बांधून दोरा लावून द्या. तो धावला की पिशवी फुगते आणि मागे तरंगते. दोन वर्षांच्या माणसाला याहून वरचा पतंग नको. घरी आल्यावर मात्र ती पिशवी वर ठेवून द्या, डोक्यात घालून बसेल. मुलीसाठी पातळ प्लास्टिकच्या तुकड्यावर दोन स्ट्रॉ समांतर चिकटवून दोन बाजूंना दोरा. आराकावा नदीच्या बांधासारखी मोकळी जागा बघा, तारा नसलेली. तारेत अडकलाच तर ओढू नका, वीज कंपनीला फोन करा. आजोबा मांजाची आठवण काढतील. तिथे सहसा काटाकाटी नाही, साधा सुती दोरा चालतो, ताको-इतो. तो स्वयंपाकाच्या सामानातही मिळतो, मांस बांधायला वापरतात म्हणून.

बाहेर गेल्यावर करायच्या आणखी दोन-तीन गोष्टी, ज्यांना काहीच सामान लागत नाही. कान्तोची, म्हणजे टोकियोभोवतालच्या भागाची, माती भुसभुशीत आहे. कडक थंडीच्या सकाळी तिच्यातलं पाणी गोठून बारीक काड्यांसारखं वर उभं राहतं, शिमोबाशिरा. त्यावर पाय दिला की कुरकुर वाजतं. शाळेच्या वाटेवर पाच मिनिटं आधी निघा आणि डांबरी रस्ता सोडून मातीच्या कडेने चाला, बस. त्याच रात्री बाल्कनीत उथळ ताटलीत पाणी आणि दोन पानं ठेवा. सकाळी गोठलं असेल तर काचेची चकती मिळते, नसेल तर उद्या पुन्हा. आणि अंगात ऊब यायला ओशिकुरा मान्जु: सगळ्यांनी पाठीला पाठ लावून, कोपरं अडकवून, एकमेकांना ढकलायचं. वर्तुळाच्या बाहेर गेला तो बाद. पूर्वी शाळेच्या अंगणात मुलं याच्यावरच थंडी काढत. सासू-सासऱ्यांना त्यात ओढू नका, गुडघे सांभाळायला हवेत. त्यांना ‘दारुमासान गा कोरोन्दा’त घ्या. राज्य असलेल्याने पाठ करून ते वाक्य म्हणायचं आणि झर्रकन वळायचं, तेव्हा जो हलताना दिसेल तो बाद. आपला स्टॅच्यूच. आजी-आजोबा यात फार भारी खेळतात, कारण त्यांना न हलता उभं राहता येतं.

टोकियोत बर्फ पडला, पडतो एखादवेळी, तर बर्फाचा माणूस करण्याआधी युकिउसागी, म्हणजे बर्फाचा ससा, करा. ओंजळभर बर्फ अंड्यासारखा दाबायचा, दोन पानं खोवली की कान, नान्तेन या झुडपाची दोन लाल फळं टोचली की डोळे. मुलगी ज्या सशावरून बोलली तोच प्राणी, पण हा तुम्ही अर्ध्या मिनिटात कराल आणि दुपारपर्यंत तो विरघळलेलाही असेल. नान्तेनची फळं खायची नाहीत हे मात्र दोघांनाही आधीच सांगा.

बर्फ न पडलेल्या दिवशी कागदाचा पाडा. ओरिगामीचा १५ सेंटिमीटरचा नेहमीचा कागद चालेल, पण मी साधा टिश्यूसारखा पातळ कागद घेईन. कर्णावर दुमडून त्रिकोण, मग लांब बाजूचा मध्य धरून त्रिकोणाच्या तीन समान पाकळ्या एकावर एक, आणि वाटलं तर आणखी एकदा मधोमध. कडेला मुलीला हवं तसं कातरू द्या. उलगडलं की सहा हातांचा स्फटिक. खरा हिमकणही सहा हातांचाच असतो. आजच्या इबाराकीमधल्या कोगा संस्थानचे अधिपती दोई तोशित्सुरा यांनी सूक्ष्मदर्शकातून बघून काढलेली अशा ८६ स्फटिकांची चित्रं १८३२ मध्ये छापली, आणि पुढे ती नक्षी किमोनोंवर, भांड्यांवर सगळीकडे उतरली. शंभरेक वर्षांनी, १९३६ मध्ये, होक्काइदोत नाकाया उकिचिरो यांनी प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. हे सासऱ्यांना सांगायला. मुलीला इतकंच पुरे की सोफ्यावर उभं राहून ते सोडायचे आणि धाकट्याने पंख्याने हाकलायचे.

खिडकीला चिकटवायचा मोह होईल. दहा-बारा चिकटवा, माझी हरकत नाही.

३ फेब्रुवारीच्या आसपास सेत्सुबुन येईल, सासू-सासरे तेव्हाही असतील. वर्षागणिक ती तारीख क्वचित एक दिवस पुढे-मागे होते, शाळेच्या पत्रकात बघा. राक्षसाचा, ओनिचा, मुखवटा घातलेल्या मोठ्या माणसावर भाजलेले सोयाबीन फेकून त्याला घराबाहेर काढायचं आणि सुदैवाला आत बोलवायचं, असा हा सण. मुखवटा कागदी पिशवीचा करा, डोळ्यांची भोकं मुलीलाच पाडू द्या आणि राक्षस आधी तिच्यासमोर चढवा-उतरवा. अचानक दारातून राक्षस आला की पुष्कळ मुलं जी रडतात ती रात्रीपर्यंत. धाकट्याच्या बाबतीत तर मुखवटा कपाळावरच ठेवा, चेहरा दिसू द्या.

सोयाबीन मात्र दोघांनाही नको. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना टणक दाणे आणि सुकामेवा देऊ नये, ते श्वासनलिकेत अडकतात, असा इशारा तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेने दिला आहे, आणि तुमची दोन्ही मुलं त्यात बसतात. वर्तमानपत्राचे बोळे करून त्यावर पिवळी चिकटपट्टी गुंडाळा. नळकांड्यात न शिरतील एवढे मोठे करा. लागलं तरी दुखत नाही, त्यामुळे आजोबा राक्षस व्हायला लवकर कबूल होतात. दाण्यांवरून आठवलं: नव्या वर्षात शेजारी मोची, म्हणजे तांदळाची चिकट वडी, देतील. सासू-सासऱ्यांना ती अगदी लहान तुकडे करून, चहाबरोबर, सावकाश खायला लावा. दर जानेवारीत मोची घशात अडकून वयस्क माणसं दवाखान्यात जातात. धाकट्याला देऊच नका.

हे सगळं घरातच घडायला हवं असंही नाही. जवळचं जिदोकान किंवा तसलंच एखादं मुलांसाठीचं सार्वजनिक केंद्र शोधा. बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, आत ऊब असते, मोकळी जागा असते, केन्दामा-कोमा-ओतेदामा कपाटात असतात आणि हे खेळ येणारी माणसं कर्मचारी म्हणून नेमलेली असतात. धाकट्याच्या वयाच्या मुलांसाठी बऱ्याच केंद्रांत सकाळची वेगळी वेळ असते. सासू-सासऱ्यांना सोबत न्या. निशि-कासाईत भारतीय घरं इतकी आहेत की तिथे त्यांना हिंदी-मराठी बोलणारं कुणी भेटणं अगदी शक्य आहे. वर्षअखेरीला ही केंद्रंही काही दिवस बंद असतात, तेव्हा दारावरच्या तारखा सुट्टी लागण्याआधीच बघून या, आणि त्याच फेरीत फेल्ट, पुठ्ठा आणि ताको-इतो घेऊन टाका.